गाडीला स्वतः पाना लावला तर वॉरंटी जाते का?

प्रश्न विचारणारे भाऊ नागपूरच्या मनीष नगरात राहतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी १६० सीसीची नवी गाडी घेतली. रोज बुटीबोरी एमआयडीसीत कामाला जातात, येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर होतात. वडिलांच्या जुन्या गाडीवर ते चेन साफ करायला, ऑईल बदलायला, लायनर टाकायला शिकले, आणि नव्या गाडीचंही हे काम त्यांना स्वतःच करायचं आहे. पण सर्व्हिस सेंटरवर त्यांना सांगितलं गेलं, "बाहेर एक बोल्ट जरी खोलला तरी वॉरंटी खतम." हे खरं आहे का, असं ते विचारतात.

मी नऊ वर्षं नागपुरातल्याच एका अधिकृत सर्व्हिस सेंटरवर होतो. त्यातली शेवटची चार वर्षं वॉरंटीचे दावे भरण्याचं टेबल माझ्याकडे होतं. आता बारा वर्षं माझं स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे दावे मंजूर कसे होतात हेही पाहिलं आणि नामंजूर झालेल्या गाड्या घेऊन लोक बाहेर कुठं येतात हेही पाहतो आहे. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. बोल्ट खोलल्यानं वॉरंटी जात नाही. चेनला तेल दिलं, हवा तपासली, क्लच केबलचा प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, बसवला, म्हणून कुठलीही कंपनी तुमचा इंजिनाचा दावा नाकारत नाही. पण पुस्तिकेतल्या सर्व्हिसच्या तक्त्यात ठरलेली सर्व्हिस तुम्ही अधिकृत सेंटरवर केली नाही, घरीच उरकली, तर वॉरंटी अडकू शकते. तसं तुमच्या मालकाच्या पुस्तिकेत छापलेलं आहे आणि गाडी घेताना तुम्ही त्याच्यावर सही केली आहे. काउंटरवरच्या माणसानं या दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या.

दावा आतून कसा चालतो ते सांगतो. गाडी आली, भाग खराब दिसला, की सेंटर त्याचे फोटो काढतं, कॉम्प्युटरवर गाडीचा चासी नंबर टाकतं, आणि समोर आधीच्या सर्व सर्व्हिसची यादी येते: तारीख, किलोमीटर, कोणतं ऑईल पडलं. मग दावा कंपनीकडे जातो. खराब भाग सांभाळून ठेवावा लागतो, पुष्कळदा परत पाठवावा लागतो, आणि मंजुरी मिळाली तर भागाचे व मजुरीचे पैसे कंपनी सेंटरला देते. म्हणजे काउंटरवरचा सुपरवायझर शेवटचा निर्णय घेत नाही. तो फक्त पाहतो की हा दावा आपल्या अंगावर येईल का. यादीत एखादी सर्व्हिस गायब असली की तो घाबरतो, कारण कंपनीनं नामंजूर केलं तर सेंटरचा पैसा बुडतो. म्हणून त्याला "वॉरंटी खतम" म्हणणं सोपं वाटतं. त्याची अडचण मी समजू शकतो, पण त्याचं बोलणं हा कंपनीचा लेखी निर्णय नव्हे. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आता कायद्याचं. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक छातीठोक सांगतात की घरी ऑईल बदललं तरी वॉरंटी जाऊ शकत नाही. त्यांचं खरं आहे, कारण तिथं १९७५ सालचा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. आमचीच सर्व्हिस किंवा आमचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला तिथं सहसा घालता येत नाही. आपल्याकडे तसा नेमका कायदा नाही. आपल्याकडे सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. १४ कार कंपन्यांना आयोगानं मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला आणि सांगितलं की ग्राहक बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पण तो आदेश कार कंपन्यांवर होता, दुचाकीवर नाही, आणि कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. तेव्हा तो सेंटरच्या काउंटरवर आपटून काम होणार नाही. त्यातलं तत्त्व मात्र लक्षात ठेवा: जेवढं नुकसान तुमच्या हातानं, तेवढंच तुमच्या माथी. पुढं भांडायची वेळ आली तर हेच वाक्य तुमच्या कामी येईल.

म्हणून वॉरंटी असेपर्यंत माझा मार्ग असा आहे: तक्त्यातली प्रत्येक सर्व्हिस वेळेवर अधिकृत सेंटरवर, आणि दोन सर्व्हिसच्या मधलं सगळं घरी.

वेळेवर म्हणजे काय, इथं तुमच्यासारखे रोज लांब जाणारे लोक फसतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, इतके किलोमीटर किंवा इतके दिवस, जे आधी होईल ते. घरापासून सीताबर्डीपर्यंत गाडी चालवणाऱ्याचे दिवस आधी भरतात. तुमचे किलोमीटर आधी भरतात. महिन्याचे साडेबाराशे धरले तर आठ महिन्यांत दहा हजार झाले. पाच हजारांचा टप्पा असेल तर चार महिन्यांत एक सर्व्हिस, आणि तुम्ही मनात सहा महिने धरून बसला असाल तर अडीच हजार किलोमीटर उशीर झालेला असतो. आज रात्रीच पुस्तिका काढा, तक्ता पाहा, आणि पुढच्या सर्व्हिसचा आकडा मीटरजवळ चिकटपट्टीवर लिहून लावा. दुसरं एक: फ्री सर्व्हिस संपल्या म्हणजे सेंटरची गरज संपली असं पुष्कळ लोक धरतात. फ्री सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी माफ असते, ऑईलचे पैसे तेव्हाही तुम्हीच देता. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते आणि पेड सर्व्हिसही त्याच तक्त्याचा भाग असतात. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त दावे याच कारणानं अडकले. स्वतः पाना लावला म्हणून अडकलेले दावे मला बोटांवर मोजता येतील.

पुस्तिकेत आणखी एक पान वाचा, वॉरंटीत काय येत नाही त्याचं. ब्रेकचे लायनर-पॅड, क्लच प्लेट, चेन सेट, फिल्टर, केबल, बल्ब, रबरी भाग हे झिजणारे म्हणून बाहेर असतात. म्हणजे ज्या भागांना तुम्ही घरी हात लावणार, त्यातल्या बहुतेकांना मुळात वॉरंटीच नसते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या उत्पादकाची असते, तिचे नियम वेगळे. आणि तुम्ही जर कामावरून आल्यावर गाडीवर पार्सल पोहोचवत असाल तर धंद्याच्या वापराबद्दलची ओळ नीट वाचा, काही पुस्तिकांत ती अट कडक आहे.

आता घरच्या कामांकडे येऊ. सर्वांत जास्त फायद्याचं काम चेनचं आहे, आणि वॉरंटीला धोका पोहोचवू शकेल असंही तेच आहे, म्हणून इथं जरा थांबतो. वर्धा रोडनं जाताना सिमेंटची बारीक धूळ चेनवरच्या तेलात बसते आणि ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं चेन खातं. उन्हाळ्यात पाचशे किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या भिजण्यानंतर चेन पुसा आणि तेल द्या. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली चेन असेल तर पेट्रोल लावू नका, रबर फुगतं आणि आतलं ग्रीस निघून जातं. चेन क्लीनर किंवा रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं, आणि वरून चेन ल्यूब किंवा पुस्तिकेत दिलेलं गिअर ऑईल. हे सगळं इंजिन बंद ठेवून, चाक हातानं फिरवून. इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावताना बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग ताण. बहुतेक रोजच्या गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलिमीटर हालचाल हवी, पण तुमच्या गाडीचा आकडा स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या स्टिकरवर असतो, तोच धरा. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सर्वांत घट्ट जागेवर ताण बसवा. नवशिके लोक आवाज जावा म्हणून चेन कसून ओढतात. ती ओढ पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर आणि ऑईल सीलवर येते. उद्या तिथून ऑईल गळायला लागलं आणि सेंटरवर चेन ताठ दिसली, तर दावा नाकारायला त्यांच्याकडे खरं कारण असेल. थोडी ढिली चेन आवाज करते, फार घट्ट चेन गिअरबॉक्स बिघडवते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा आणि ॲक्सलचा नट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच कसता येणाऱ्या पान्यानं कसा. हजार-दीड हजार टॉर्क पान्यावर घालवायला जिवावर येतं, पण आटे गेलेल्या एका भोकाचा खर्च त्याहून जास्त असतो.

हवेबद्दल नागपूरकरांना मुद्दाम सांगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला, तुम्ही दुपारी बुटीबोरीहून आलात आणि पंपावर हवा तपासली, तर गेज जास्त दाखवणारच. साधारण पाच-सहा अंश तापमान वाढलं की दाब एक पीएसआयनं वाढतो. गरम टायरमध्ये २८ पाहून तुम्ही समाधानी झालात तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिथं २४-२५ च असतात. मग टायरच्या कडा झिजतात, आणि टायरचा दावा करायला गेलात की तपासणारा पहिल्यांदा कमी हवेची खूण शोधतो. स्वतःचं एक गेज घ्या आणि सकाळी गाडी काढण्याआधी मोजा. दाबाचा आकडा चेन गार्डवर किंवा स्विंग आर्मवर छापलेला असतो, एकट्यासाठी वेगळा, मागे कुणी बसणार असेल तर वेगळा.

एअर फिल्टरला हात लावण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहा. स्पंजचा असेल तर धुऊन, पिळून, पुस्तिकेत सांगितलेलं तेल लावून परत बसवता येतो. पण हल्ली पुष्कळ गाड्यांत तेल लावलेला कागदी फिल्टर येतो, ज्याला व्हिस्कस म्हणतात. त्याला कॉम्प्रेसरची हवा मारली की त्याच्यावरचं तेल उडतं, कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तो साफ करायचाच नसतो, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा असतो. आपल्याकडच्या धुळीत तो थोडा आधी बदला, पण फुंकू नका. पिस्टन-रिंगचा दावा आला की मी सर्वांत आधी फिल्टरचं झाकण उघडून पाहत असे.

गाडी धुणंही मेंटेनन्समध्येच येतं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, मीटरखाली आणि सीटखालच्या वायरिंगच्या सॉकेटवर घेऊ नका. बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमाच्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्याच गाड्यांत, तिथं सेन्सरची जोडणी असते. पाणी शिरलं की मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड नोंदला जातो. बादली, साबण, फडकं पुरेसं आहे. आणि गाडी थंड झाल्यावरच.

लिव्हरचा प्ले, बोल्ट घट्ट आहेत का, ब्रेकचे पॅड किती उरले, बॅटरीचे टर्मिनल पांढरे पडलेत का, हे दर महिन्याला डोळ्यांनी पाहा. त्याला दहा मिनिटं लागतात.

इंजिन ऑईलवर माझं मत स्पष्ट आहे: वॉरंटीच्या काळात ठरलेलं ऑईल सेंटरवरच बदला. तुम्हाला काम येतं याबद्दल मला शंका नाही. पण इंजिन हा वॉरंटीतला सर्वांत महाग भाग आहे आणि त्याच्या दाव्यात पहिला प्रश्न ऑईलचाच येतो. माझ्या टेबलावर एक दावा आला होता, एका शिक्षकांचा. इंजिन जाम झालं होतं. ते दर तीन हजारांना स्वतः ऑईल बदलत होते, कंपनीच्या तक्त्याहून लवकर. पण एकही बिल ठेवलं नव्हतं, आणि मधल्या दोन सर्व्हिस सेंटरवर झाल्या नव्हत्या. मला त्यांच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. तरी फॉर्मवर लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि दावा परत आला. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो, म्हणूनच मी हे इतकं लांब लिहितो आहे.

दोन सर्व्हिसच्या मध्ये तुम्हाला जास्तीचं ऑईल बदलायचंच असेल, तर पुस्तिकेतलाच ग्रेड घ्या, कुणाचं १० डब्ल्यू ३० असेल, कुणाचं २० डब्ल्यू ५०. डब्यावर जासो एमए किंवा एमए २, म्हणजे मोटरसायकलच्या ऑईलचा दर्जा, लिहिलेलं हवं. कारचं ऑईल टाकू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो आणि कारच्या ऑईलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरायला लागू शकतो. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा टाका. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा खोका, ॲल्युमिनियमचा असतो, लांब पान्यानं जोर लावला की आटे जातात, आणि ते नुकसान शंभर टक्के तुमचं. स्पार्क प्लगचंही तेच: पहिले सात-आठ आटे हातानं फिरले पाहिजेत, तिथं पाना लावायचाच नाही.

वायरिंगला मात्र वॉरंटी असेपर्यंत अजिबात चिरा देऊ नका. जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, अलार्म, मोबाइल चार्जर, यासाठी मूळ वायर सोलून जोड मारणं हे माझ्या अनुभवात पान्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं. एका मुलानं पुढच्या दिव्याच्या वायरवर दोन फॉग लाइट जोडले होते. वायरिंग जळालं, दावा नाकारला गेला आणि योग्यच नाकारला गेला. पण त्याच गाडीचं फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) ऑईल सील गळत होतं, ते त्याच दिवशी वॉरंटीत बदलून मिळालं, कारण दिव्यांचा आणि सीलचा संबंध नव्हता. दावा असा एकेका भागाचा पाहायचा असतो. चार्जर लागतच असेल तर सेंटरवरून कंपनीचाच बसवून बिलावर लिहून घ्या. एबीएस, इंजेक्शन, व्हॉल्व्ह सेटिंग आणि सील मारलेला कुठलाही भाग सोडून द्या. सायलेन्सर बदलू नका. त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो.

नोंदीसाठी एक साधी वही पुरे. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय टाकलं. भागांची आणि ऑईलची जीएसटी बिलं त्याच वहीत लावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं नागपूरच्या उन्हात सहा महिन्यांत उडतात, म्हणून फोटोही काढून ठेवा. काम करताना मीटरचा आकडा दिसेल असा एक फोटो पुरेसा आहे. जुना भाग लगेच भंगारात देऊ नका.

सेंटरवर गेलात की जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना ते भरतात त्या कामाच्या कागदावर, तुमची प्रत्येक तक्रार लिहूनच घ्या. "साहेब, बघून घेतो," असं म्हणतील, तरी लिहून घ्या. सही करण्याआधी वाचा आणि प्रत मागा. घरी काय केलं ते विचारलं तर खरं सांगा. खोटं बोलून पकडले गेलात तर पुढचं कुणी ऐकत नाही. दावा नाकारला तर भांडू नका, इतकंच म्हणा: कारण लेखी द्या, पुस्तिकेतल्या कोणत्या अटीनुसार नाकारलं आणि माझ्या कोणत्या कामामुळं हा भाग खराब झाला ते लिहा. देत नसतील तर घरी येऊन हेच कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करा, फोटो जोडून. मी टेबलावर असताना असे ई-मेल आले की फाईल पुन्हा उघडली जाई, आणि निम्म्या वेळा निर्णय बदलत असे.

तिथंही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. त्यापुढं ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तुम्हाला नागपुरातच दाद मागता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील बंधनकारक नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. भाग मुळातच सदोष होता की वापरानं गेला असा वाद असेल तर आयोग तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणूनच वाद मिटेपर्यंत तो भाग बाहेर दुरुस्त करून टाकू नका.

आणि वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी, तारीख आणि किलोमीटर दोन्ही पाहून, गाडी एकदा सेंटरवर न्या. जो आवाज, जी गळती, जो थरथराट तुम्ही "चालतंय" म्हणून सोडून दिला असेल, तो सगळा त्या दिवशी जॉब कार्डवर लिहून घ्या. मुदतीच्या आत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतर भाग आला तरी वॉरंटीतलीच राहते, मात्र कार्डावर तारीख आणि शिक्का हवा.